दोन धक्क्यांमधली माणसे

नवी मुंबईत जलवाहतुकीचा विषय निघाला की चर्चा मिनिटांपासून सुरू होते आणि रुपयांवर येऊन थांबते. बेलापूरहून भाऊच्या धक्क्याला किती वेळात पोहोचता येईल, तिकीट किती पडेल आणि तेवढ्या पैशांत लोकल सोडून कोण येईल, या तीन प्रश्नांपलीकडे ती सहसा जात नाही. 17 फेब्रुवारी 2022 रोजी बेलापूरच्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचा प्रारंभ झाला, तेव्हाही लोकांच्या तोंडी हेच आकडे होते: स्पीडबोटीला माणशी 800 ते 1,200 रुपये, कॅटामरानला (दोन सांगाड्यांच्या मोठ्या बोटीला) 290 रुपये. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. स्पीडबोटीची एक फेरी लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या महिन्याच्या पासाहून महाग असेल तर रोजचा चाकरमानी तिच्याकडे फिरकणार नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. परंतु पाण्यावरच्या त्या पाऊण-एक तासात उतारूच्या मनाचे काय होते, आणि ते कशामुळे होते, हा प्रश्न या चर्चेत येतच नाही.

माझे म्हणणे असे आहे की, उतारू धक्क्यावर कोणत्या मनाने उतरतो हे बोटीच्या वेगावर फारसे ठरत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर काय होते, अंगाला वारा लागत होता की नाही, शेजारी कोण आणि कसे बसले होते, वाट पाहायला लागली तेव्हा कोणी काही सांगितले की नाही, यांवर ते ठरते. या साऱ्या गोष्टी निसर्गाच्या किंवा नशिबाच्या हवाली नाहीत. बाकांची मांडणी, छपराची उंची, उघडा डेक, धक्क्यावरची सावली आणि तिकीट खिडकीवरच्या माणसाची भाषा या आखता येतात, ठरवता येतात, आणि म्हणूनच त्यांचा विचार सार्वजनिक प्रश्न म्हणून व्हायला हवा.

उरणजवळचे मोरा बंदर ते भाऊचा धक्का या जुन्या लाँचचे उदाहरण घ्यावे. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे आणि खारकोपर ते उरण या रेल्वेमार्गाचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. ज्या उरणला मुंबईत जायचे तर लाँच किंवा लांबचा रस्ता एवढेच पर्याय होते, त्याला एका दिवसात पूल आणि लोकल दोन्ही मिळाले. कागदावरच्या हिशेबाने लाँच ओस पडायला हवी होती. तशी ती पडली नाही. यातला मोठा वाटा साध्या भूगोलाचा आहे, हे मान्य केले पाहिजे; ज्याचे काम माझगाव-डोंगरीच्या बाजूला आहे त्याला लाँच सरळ पडते. पण नेरूळला राहणारा माझ्यासारखा माणूस, ज्याच्या घराजवळ हार्बरची गाडी आहे, तोही अधूनमधून वाट वाकडी करून त्या लाँचने जातो आणि उतरताना हलका होऊन उतरतो, याचा उलगडा भूगोलाने होत नाही.

मला त्याचे एक कारण लाँचच्या रचनेतच दिसते. लाँचला मधले स्टेशन नसते. लोकलचा डबा दर तीन-चार मिनिटांनी बदलतो. कोणी चढते, कोणी उतरते, आणि प्रत्येक बदलागणिक आपल्याला स्वतःची जागा पुन्हा राखावी लागते. लोकलमध्ये अनोळखी माणसाने विचारलेला पहिला प्रश्न बहुधा “कुठे उतरणार?” हाच असतो, आणि तो ओळख वाढवण्यासाठी नसून सीट नोंदवण्यासाठी असतो. लाँचवर हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण सगळेच एका ठिकाणी उतरणार आहेत. दोर सुटला की पुढचा दोर पडेपर्यंत तीच माणसे. जागेवर डोळा ठेवण्याचे काम संपले की मन दुसरे काही करायला मोकळे होते, आणि ते बहुधा इकडेतिकडे पाहू लागते, मग बोलू लागते.

जागा आणि मन यांचा हा संबंध माझ्या कल्पनेतला नाही. 1970 च्या दशकात स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग यांनी रोज रेल्वेने स्टॉकहोमला येणाऱ्या प्रवाशांच्या शरीरातील ताणाची संप्रेरके तपासली. पहिल्या स्टेशनावर चढणाऱ्यांचा प्रवास जास्त लांबीचा होता, तरी त्यांच्यात ताण कमी आढळला. मधल्या स्टेशनावर चढणारे कमी वेळ प्रवास करत, पण गर्दीत शिरत, आणि त्यांच्यात तो अधिक होता. आधी चढणाऱ्याला कुठे आणि कोणाशेजारी बसायचे हे निवडता येत होते, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे नेरूळ-सीवूड्सची माणसे सकाळी उलट दिशेने पनवेलपर्यंत जातात आणि तिथून बसून मुंबईला येतात, तेव्हा तीही हाच शोध रोज नव्याने लावत असतात. वेळ वाचवणे हीच प्रवाशाची एकमेव इच्छा असती, तर स्वतःच्या झोपेतली अर्धीपाऊण तासाची रक्कम रेल्वेला कोणी अशी दान केली नसती.

आता परिसराकडे वळू. पाणी दिसले की मन शांत होते, असे आपण सहज म्हणून टाकतो. मला हे विधान पुरेसे वाटत नाही. बेलापूरच्या खाडीतून बाहेर पडून मुंबईकडे जाताना डोळ्यांपुढे जे येते ते सगळे काही रम्य नाही. ओहोटीला चिखलाचा वास येतो, खारफुटीच्या मुळांत प्लास्टिक अडकलेले असते, ट्रॉम्बेच्या बाजूला अणुसंशोधन केंद्राचा घुमट दिसतो, पुढे अटल सेतू डोक्यावरून जातो, मग जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या आणि मागे न्हावा-शेव्याच्या क्रेनची रांग. घारापुरीचा डोंगर सोडला तर चित्रात काढावे असे त्यात थोडेच. तरीही लाँचवरची माणसे या सगळ्याकडे पाहत राहतात. आठवडाभर चार हात अंतरावरच्या पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांना दूरवर स्थिरावायला काही मिळते, हा एक भाग झाला. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा भाग दुसरा आहे: सगळेजण एकाच गोष्टीकडे पाहत असतात.

लोकलमध्ये समोरासमोर बसलेली दोन माणसे एकमेकांची नजर चुकवतात, कारण पाहायला दुसरे काही नसते. लाँचवर दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते. विल्यम व्हाइट या अमेरिकी निरीक्षकाने न्यूयॉर्कमधील चौकांचा अभ्यास करताना हेच नोंदवले होते की, अनोळखी माणसांना बोलते करायला त्यांच्या बाहेरचे काहीतरी लागते: एखादा पुतळा, एखादा वादक, एखादे दृश्य. आपल्या बंदरात हिवाळ्यात ते काम कुरव पक्षी करतात. बोटीमागे त्यांचा थवा लागला की ज्यांनी तोवर एकमेकांकडे पाहिलेही नव्हते ती माणसे मुलांना वर उचलून धरतात, एकमेकांचे फोटो काढून देतात, कोणाची टोपी उडाली तर चार जण हळहळतात. (त्या पक्ष्यांना शेव-कुरकुरे भरवणे मात्र थांबले पाहिजे. आपला आनंद त्यांच्या पोटाला परवडणारा नाही, आणि पक्षी नुसते उडतानाही पुरेसे विलोभनीय असतात.)

परिसर आणि माणसे यांचा परिणाम वेगवेगळा मोजता येत नाही, हे मला ‘बोट लागणे’ या आपल्या शब्दप्रयोगाने सर्वांत चांगले समजते. मराठीत बोट धक्क्यालाही लागते आणि माणसालाही लागते. माणसाला ती का लागते, याचे शरीरशास्त्रीय कारण ठाऊक आहे: कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतो आहोत, आणि बंद खोलीत बसलेले डोळे सांगतात की सारे काही स्थिर आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की पोट ढवळते. म्हणून जुने खलाशी सांगतात, आत कोंडून बसू नका, वर या आणि लांब क्षितिजाकडे पाहा. एवढा झाला परिसराचा उपाय. पण ज्याला बोट लागते त्याला मळमळीइतकीच लाजही वाटत असते. तेव्हा पलीकडच्या बाकावरची टोपलीवाली मावशी काही न विचारता कमरेच्या पिशवीतून आलेपाकाची वडी किंवा लिंबाची फोड पुढे करते, “होतं असं, पहिल्यांदा येतोस ना?” म्हणते, आणि तो तरुण दोन मिनिटांत सावरतो. आल्याने पोटाला बरे वाटले असेल, पण त्या वाक्याने लाज उतरली. ही वडी विमानासारख्या रांगांत, पुढच्याच्या पाठीकडे तोंड करून बसलेल्या माणसांमध्ये हातोहात जाणे कठीण आहे.

भीतीच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसते. 17 जुलै 1947 रोजी गटारी अमावस्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या आणि कोकणातल्या घरांत ती गोष्ट दोन पिढ्या सांगितली गेली. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली, डझनाहून अधिक लोक दगावले, आणि त्या धडकेची चित्रफीत प्रत्येकाच्या मोबाईलवर पोहोचली. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली, ती योग्यच झाली. परंतु तेच नारिंगी जाकीट दोन बोटींवर दोन वेगळ्या भावना निर्माण करते, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका बोटीवर जाकिटांचा ढीग पुढ्यात टाकून “घाला लवकर, नाहीतर आम्हाला दंड बसतो” असे सांगितले गेले, आणि आतापर्यंत निवांत असलेली बाई मुलाला घट्ट धरून बसली. दुसऱ्या बोटीवर खलाशाने एका लहान मुलीच्या जाकिटाचे पट्टे स्वतः बांधले, ते कसे आवळायचे हे बाकीच्यांना मोठ्याने सांगितले, आणि पाहता पाहता लोक एकमेकांच्या पाठीचे पट्टे ओढून देऊ लागले. कापड तेच, फोम तोच. स्टॅन्ले शॅक्टर या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांना विजेच्या धक्क्याची भीती घातली होती त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकटे थांबण्याऐवजी इतरांसोबत थांबणे पसंत केले होते. भ्यालेला माणूस दुसऱ्या भ्यालेल्या माणसाजवळ सरकतो. त्याला सरकायला जागा आहे का, आणि दोघांना धीर देणारे तिसरे कोणी आहे का, हे मात्र बोट चालवणाऱ्यांनी पाहायचे असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणसांचा सहवास नेहमी सुखाचा नसतो. लोकलच्या डब्यातले भजनी मंडळ, दसऱ्याला डब्याला बांधलेली फुले, महिलांच्या डब्यातले हळदीकुंकू यांचे आपण कौतुक करतो, पण त्याच लोकलमध्ये टोळी करून जागा अडवणारे, नवख्याला दारात दमदाटी करणारे गटही असतात, आणि ती मैत्री आतल्यांना जितकी उबदार तितकीच बाहेरच्याला बोचरी असते. शिवाय दिवसभर माणसांत वावरून आलेल्या एखाद्या परिचारिकेला किंवा बँकेतल्या बाईंना परतीच्या वाटेवर कोणाशीही बोलायचे नसेल, तर तो त्यांचा हक्क आहे. शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रवाशांना वाटत होते की अनोळखी माणसाशी बोलल्याने प्रवास कंटाळवाणा होईल. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितले गेले त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला गेला. हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो, पण तो जसाच्या तसा ठाण्याच्या फलाटावर आणून टाकणे भाबडेपणाचे होईल. जिथे श्वास घ्यायला जागा नाही तिथे ‘शेजाऱ्याशी बोला’ हा सल्ला म्हणजे थट्टाच आहे.

म्हणून माझा आग्रह संवादाचा नाही, त्याला वाव असण्याचा आहे, आणि एकांतालाही तितकाच वाव असण्याचा आहे. जुन्या लाकडी लाँचने हे कोणत्याही शास्त्राविना साधले होते. कडेच्या बाकांवर आत तोंड करून बसले की माणसांत, बाहेर वळून कठड्यावर हात टेकले की एकटे, आणि यासाठी केवळ कंबर वळवावी लागते. वरच्या डेकवर उभे राहिले की वाऱ्यामुळे बोलणेच ऐकू येत नाही, म्हणून तिथे गप्प राहणारा माणूस कोणाला शिष्ट वाटत नाही. आता येणाऱ्या वातानुकूलित बोटींत हे तिन्ही पर्याय जाऊन एकच उरतो: पट्टा, पाठीचा कुशन आणि समोर पडदा. जून-जुलैच्या पावसात, मे महिन्याच्या उन्हात, डिझेलच्या धुरात बंद कक्षाचे महत्त्व मी नाकारत नाही. माझ्या वयाच्या माणसाने तर ते नाकारूच नये. तरीही बंद कक्षाला मोठ्या, उघडता येणाऱ्या काचा असाव्यात आणि बोटीचा काही भाग उघडा असावा, ही अट घालायला काय अडचण आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

भाईंदर ते वसई ही वाहनांसह माणसे नेणारी रो-रो सेवा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. रस्त्याने मोठा वळसा पडतो, पाण्यावरून साधारण पंधरा मिनिटे. त्या बोटीवर मला माझ्या मुद्द्याचा सर्वांत बोलका पुरावा मिळाला. मोटारीतून आलेली काही माणसे काचा वर करून, एसी चालू ठेवून गाडीतच बसून राहतात. दुचाकीवाले आणि पायी आलेले कठड्याशी उभे राहतात. पाणी तेच, मिनिटे तीच, तिकिटाचा दर वेगळा असला तरी बोट एकच. पलीकडे उतरताना मोटारीतला माणूस पुढच्या गाडीला हॉर्न देतो, आणि कठड्याजवळचा दुचाकीवाला शेजारच्याला “चला, भेटू” म्हणून निघतो. एका फेरीवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते, पण मी ही बोट अनेकदा केली आहे, आणि हॉर्न बहुधा बंद काचेआडूनच येतो.

तिकिटाचा प्रश्न इथे पुन्हा येतो, पण वेगळ्या अंगाने. सहवासाने मन बदलते असे म्हणताना हा सहवास कोणाचा कोणाशी, हे विचारावे लागते. मोऱ्याच्या लाँचवर मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळिणी, गोदीतले कामगार, कॉलेजची मुले, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी एकाच बाकावर बसतात. आठशे रुपयांच्या बोटीत आठशे रुपये परवडणारीच माणसे भेटणार, आणि ती एकमेकांना एरवीही भेटतच असतात. नवी मुंबई हे शहर आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर सिडकोने उभे केले. दिवाळे, सारसोळे, करावे ही गावे नोडच्या (सिडकोने आखलेल्या वसाहतींच्या) टॉवरना खेटून असूनही दोन्हीकडची माणसे एकमेकांशी क्वचितच बोलतात. खाडीचे पाणी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आवार आहे त्यांच्या शेजारी, त्याच पाण्यावर, अर्धा तास बसायला मिळणे ही शहराला सहज मिळणारी गोष्ट आहे, आणि आपण ती दरपत्रकाने बंद करून टाकतो.

हे सगळे आताच बोलायचे कारण असे की, ठाणे जिल्ह्यातही धक्के आखले जात आहेत. 2016 च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग 53 म्हणून घोषित झाला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली या ठिकाणांची नावे त्या संदर्भात वर्षानुवर्षे घेतली जात आहेत. धक्का एकदा काँक्रीटमध्ये ओतला गेला की सावली कुठे, बाक कुठे, पाणी दिसते की पत्र्याची भिंत, हे पुढची पन्नास वर्षे बदलत नाही. उतारूचा प्रवास बोटीत पाय ठेवल्यावर सुरू होत नाही, तो रांगेत उभे राहिल्यापासून सुरू होतो. आणि पाण्यावरच्या वाहतुकीत वाट पाहणे अटळ आहे, कारण घड्याळाखेरीज भरती-ओहोटीचीही मर्जी सांभाळावी लागते. तिथे उन्हात तापलेल्या उघड्या काँक्रीटवर उभ्या असलेल्या पन्नास माणसांचे मन बोटीच्या गाद्यांनी नंतर दुरुस्त होत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका धक्क्यावर आम्ही असेच उभे होतो. ओहोटी होती, बोट दूर पाण्यात थांबलेली दिसत होती, खिडकी बंद होती आणि ध्वनिक्षेपक मुका होता. अर्ध्या तासात रांगेचा घोळका झाला. एकाने व्यवस्थेला शिव्या दिल्या, दुसऱ्याने त्याला, मग पुढे घुसल्याचा आरोप करून दोन कुटुंबे एकमेकांवर धावली. त्यांतले एक आजोबा थरथरत होते. तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवरून एक म्हातारा तांडेल वर आला. तो त्या बोटीचाही नव्हता. त्याने चिखलाकडे बोट केले आणि म्हणाला, “पाणी उतरलंय, बोट टेकेल म्हणून आणत नाहीत. तो तिसरा दगड बुडाला की येईल. वीस-पंचवीस मिनिटं धरा.” कोणी काही बोलले नाही. पण भांडणारी दोन्ही कुटुंबे कठड्याशी आली, आणि त्यांच्यातली मुले तिसरा दगड कोणता यावर वाद घालू लागली.